वायर साबूत होती

आमच्या शेताच्या बांधावर सिमेंटचे बुटके खांब रोवलेले आहेत, गुडघ्याएवढे. त्यांच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय की खाली ऑप्टिकल फायबर आहे, खोदू नये. हायवेला लागून आमचं वावर, म्हणून हा मान आमच्या वाट्याला आला. मुंबईचं बोलणं म्हणे इथूनच कलकत्त्याला जातं. जाऊ दे बापा, आमचं काय जातं! आमच्या धानाखालून देशभराचं इंटरनेट पळत होतं आणि आम्ही एक फोटो पाठवायला पाण्याच्या टाकीवर चढत होतो. माझी माय त्या खांबावर विळा घासायची. त्या फायबरचा आमच्या घराला झालेला उपयोग तेवढाच.

मी राहते नागपुरात, जरीपटक्याला. शाळेत शिकवते, त्यामुळे आवाज मोठा आहे, आणि राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात. गाव मौद्याच्या पुढे, आणि गावात आमची वस्ती पार टोकाला. कोणाची वस्ती टोकाला असते हे मराठी वाचणाऱ्याला मी समजावत बसणार नाही. आजा छप्पन साली पांढरे कपडे घालून नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, घरातले देव पाण्यात सोडले, पण वस्ती होती तिथेच राहिली. रस्ता, नळ, लाईन, जे काही सरकारकडून निघतं ते आधी गावच्या चौकात पोचतं, तिथे जरा दम घेतं, आणि पुढे आमच्याकडे यायचं की नाही ते मग ठरतं. लाईन म्हणजे वीज. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते.

वडील गेल्यावर माय त्या घरात एकटी राहिली. माझ्याकडे यायला तयार नाही. जरीपटक्याच्या बाजाराच्या कलकलाटाने तिचं डोकं उठतं म्हणे. माझा धाकटा भाऊ पुण्यात एका मोठ्या कॉल सेंटरमध्ये होता, हाताखाली पुष्कळ माणसं होती, बरं चाललं होतं त्याचं. एका उन्हाळ्यात माय आंगणात घसरून पडली आणि अर्धा दिवस तशीच पडून राहिली. शेजारीण ताक मागायला आली नसती तर काय झालं असतं, ते बोलायलाही नको. त्यानंतर भाऊ नोकरी सोडून आला. आता मी इथेच राहीन, म्हणाला. मायने तोंडावर पदर घेतला. पण इथे राहायचं तर इथे पोटापाण्याचं काही पाहिजे, आणि त्याला येत होतं ते एकच काम, आणि त्या कामाला इंटरनेट लागतं. सगळी गोष्ट एवढीच आहे. वायर आली तर पोरगा मायजवळ राहणार, नाही आली तर जाणार.

आमच्या वस्तीला लागून धानाचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. भावाने ते भाड्याने घेतलं, झाडलं, चुना मारला, डझनभर जुने कॉम्प्युटर मांडले आणि त्याला हॉल म्हणायला लागला. मग आम्हीही हॉल म्हणायला लागलो. पुण्यातल्या एका कंपनीकडे मोठमोठ्या दवाखान्यांचे फोन घ्यायचं काम होतं. पेशंट फोन करणार, कुठल्या डॉक्टरकडे कधी यायचं ते पोरी सांगणार. त्या कंपनीची अडचण अशी की त्यांच्या शहरी पोरींना आमच्याकडचं बोलणं समजत नव्हतं. इकडून म्हातारा सांगतो, मले टोंगळ्यात चमक मारून राहिली, आणि तिकडून पोरगी विचारते, टोंगळा म्हणजे नेमकं कुठे हो काका? भाऊ त्यांना म्हणाला, टोंगळा म्हणजे गुडघा, हे समजणाऱ्या पोरी मी देतो. त्यांना ते पटलं.

पोरी मिळाल्या. वस्तीतल्या होत्या, गावातल्याही होत्या. त्यांतली एक गावातली सून होती, बारावी झालेली, सासूशी भांडून आलेली. सासूचं म्हणणं, परक्या माणसांशी दिवसभर फोनवर बोलायचं हे काय काम आहे! सुनेचा आवाज असा की समोरचा कितीही चिडलेला असो, दोन वाक्यांत शांत व्हायचा. मला स्वतःला तो आवाज वर्गात मिळाला असता तर घसा वाचला असता.

राहिलं इंटरनेट. नागपुरात दर चौकात त्याचे फलक लावलेले. शहराच्या कडेला, बेस्यात माझ्या मैत्रिणीने फ्लॅट घेतला, तर दारं बसायच्या आधी तीन कंपन्यांची पोरं वायर घेऊन जिन्यात उभी होती. म्हटलं, मौदा काही चंद्रावर नाही. मी स्वतः फोन लावले. प्रत्येक वेळी एक इस्त्रीचा शर्ट यायचा, चहा प्यायचा, मोबाईलमध्ये आमचा पिनकोड टाकायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. मॅडम, फिजिबल नाही. एकाला मी हाताला धरल्यासारखं बांधावर नेलं आणि तो खांब दाखवला. हे काय आहे मग? तो म्हणाला, हा आमचा नाही. दुसऱ्याला नेलं, तोही म्हणाला आमचा नाही. मग कोणाचा आहे बापा हा, आमच्या आज्याने रोवला काय? तिसरा जरा समजूतदार निघाला. त्याने सांगितलं, मॅडम, ही पुढे जाणारी लाईन आहे, मध्ये कुठे उघडत नाही.

ग्रामपंचायतीतही फायबर आलेलं होतं, सरकारी योजनेतून. एका लोखंडी कपाटात ते राहायचं. कपाटाला कुलूप, फटीतून हिरवा दिवा दिसायचा. हे कशासाठी आहे म्हणून विचारलं की उत्तर मिळायचं, ऑनलाईनसाठी. आम्हाला जोडून द्या म्हटलं, तर त्याचा अर्ज कुठे करायचा हे तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याची बदली झालेली होती. भावाने चार चकरा मारल्या आणि नाद सोडला.

विजेचं वेगळंच. मौद्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या आंगणातून दिसतात. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांचं काम वीज बनवायचं, ते त्या करतात. पण वस्तीच्या तोंडाशी खांबावर जो ट्रान्सफॉर्मर बसवलाय, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो गावभर मोटरी सुरू झाल्या की उडतो. मग वायरमन येईपर्यंत बसा हातपंखा घेऊन. भावाने हॉलसाठी धंद्याचं वेगळं मीटर घेतलं, थ्री-फेज जोडणी घेतली, इन्व्हर्टर आणला, त्यावर भरवसा नाही म्हणून एक जुना जनरेटर आणला. वायरमनशी दोस्ती केली, त्याच्या पोराच्या नामकरणाला जाऊन आला. एखादं तान्हं पोर सांभाळावं तशी तो ती वीज सांभाळायचा.

इंटरनेट शेवटी आणलं ते मौद्याच्या केबलवाल्याने. आधी टीव्हीची केबल टाकायचा, आता फायबर टाकायला लागला होता. हातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तो भावाला म्हणाला, एका हॉलसाठी एवढ्या लांब वायर नाही परवडत, गावातून आणखी कनेक्शन काढून दे. मग माझा भाऊ गावात दारोदार फिरला. ज्या घरांत आमच्या बापाला कधी बाज टाकून बसवलं नव्हतं, त्या घरांत याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मी खूश झाले, कशाला खोटं बोलू! नंतर कळलं की तेव्हा क्रिकेटचे सामने सुरू होणार होते आणि सगळ्यांना ते मोठ्या टीव्हीवर पाहायचे होते. असो. कनेक्शनं निघाली. केबलवाल्याची माणसं विजेच्या खांबांवरून काळी वायर ओढत आली, चौक ओलांडून वस्तीत आली, हॉलमध्ये शिरली. भावाने पुण्याला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाचा श्वासही ऐकू आला. मायने वायर चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, एवढीशीच?

पुण्याच्या कंपनीने चाचणी घ्यायचं ठरवलं. खरे पेशंट, खरे फोन. अट एकच होती, या काळात फोन बंद पडता कामा नयेत. नीट पार पडलं तर करार, नाही तर राम राम. त्यांनी जो आठवडा दिला त्यात पोळा येत होता. भावाने जरा पुढे ढकलायची विनंती केली. तिकडून उत्तर आलं, सण तर सगळ्यांनाच असतात. ते खरंच आहे. भाऊ म्हणाला, चालते, करू. डिझेल भरून ठेवलं, वायरमनला सांगून ठेवलं, गावातल्या मोटरवाल्यांनाही हात जोडून आला की एवढे दिवस सगळ्यांनी एकदम मोटरी लावू नका. त्यांनी ऐकलंसुद्धा. वायरबद्दल कोणाला काही सांगावं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. आम्हाला धाक विजेचा होता, जन्मभराची सवय.

पोळ्याला मी गावी गेले. पोळा आपला सण नाही, असं माय दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी पुरण घालते. आमच्या घरी बैल नाहीत. गावात तरी किती उरलेत? ट्रॅक्टर आले. पण पोळा भरतो. चौकात तोरण बांधतात, म्हणजे आंब्याची पानं लावलेली दोरी रस्त्यावर आडवी ताणायची. तिच्याखाली सजवलेले बैल रांगेत उभे राहतात. पूजा होते, मग झडत्या होतात. झडती म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या दोन ओळी, माईकवर म्हणायच्या आणि हसायचं. शेवटी तोरण तोडलं की बैल आपापल्या घरी. तोरणाचं एक टोक देवळाच्या खांबाला आणि दुसरं समोरच्या कडुनिंबाला, हे माझ्या लहानपणापासून ठरलेलं. आम्ही लांबून पाहायचो.

त्या वर्षी कडुनिंब नव्हता. सिमेंट रस्त्याच्या कामात तो तोडला होता. आता दुसरं टोक कुठे बांधायचं? पोळा कमिटीची माणसं वर पाहतात तर काय, तोरण जिथे लागतं नेमक्या त्याच ठिकाणी, देवळाकडच्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत, काळी वायर ताणलेली! त्यांनी शिडी लावली आणि तोरण त्या वायरीला हातहात अंतरावर सुतळीने बांधून टाकलं. इतकं सरळ तोरण गावात कधी लागलं नव्हतं, असं नंतर मला एकाने कौतुकाने सांगितलं. सांगताना त्याला काहीच वाटलं नाही.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मी दुपारी पोरींसाठी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन हॉलमध्ये बसले होते. भावाने माईकचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी येतच होता. आणि लाईन होती! पंखे गरागरा फिरत होते, एकदाही भपकी मारली नाही. भाऊ पोरींच्या मागून हळूहळू फिरत होता. मला लहानपणचा तो आठवला, परीक्षेचा पेपर सोपा गेल्यावर ओठ दाबून घरी यायचा तसा. सकाळपासून एकही फोन पडला नव्हता.

तेवढ्यात माईकवर झडती आली.

वायर आली वायर, खांबावरून आली,
पोरी बसल्या बोलाले, भाकर जळून गेली!

चौकात हशा पिकला. हॉलमधल्या पोरींनी माना खाली घातल्या. मी त्या सुनेकडे पाहिलं, कारण झडती तिच्याच सासरच्या माणसाने म्हटली होती, आवाज ओळखीचा होता. तिने पापणीही हलवली नाही. ती एका म्हाताऱ्याशी बोलत होती. त्याला मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि त्याला ऐकू कमी येत होतं. ती म्हणत होती, हव बाबाजी, सोमवारी या, सकाळी काही खाऊ नका, अन् येताना जुने कागदं... आणि बाहेर डफडं वाजलं, मोठा गलका झाला, आणि तिने कानावरचा हेडफोन दाबून धरला. हॅलो, बाबाजी? हॅलो?

सगळ्या पोरी एकदम हॅलो हॅलो करायला लागल्या. भाऊ इंटरनेटच्या डब्याकडे धावला. भिंतीवरच्या डब्यात लाल दिवा लागला होता. त्याने बटणं बंद करून पाहिली, चालू करून पाहिली, आणि मग वायरीच्या मागे मागे बाहेर निघाला. मीही निघाले.

झालं होतं ते असं. दरवर्षी दोरीला एक हिसका दिला की तोरण तुटायचं. या वर्षी सुतळीच्या गाठींमुळे तुटेना. मग चारपाच जण लोंबकळले. वायर खांबावरून निसटली, चौकात कमरेपर्यंत खाली आली. बैल बिचकले. पण माणसं भली, त्यांनी ती रस्त्यात लोळत ठेवली नाही. शिडी लावली, वायर परत वर चढवली आणि तोरणाच्याच दोरीने खांबाला करकचून बांधली. आम्ही पोचलो तेव्हा खांबावर ती दोरी होती, आणि वायरीला अजून दोनचार आंब्याची पानं लटकलेली होती.

मी बोलले. चौकात, सगळ्यांसमोर, वर्गात बोलते त्याच्या दुप्पट आवाजात. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. कमिटीतले एक काका पुढे आले, कपाळाला गुलाल, हात जोडलेले. अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, रागावू नका. पहा नं, वायर साबूत आहे. तुटली कुठं?"

आणि त्यांनी खरंच ती वायर मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने दाखवली. साबूतच होती. कातडं धड होतं. जन्मभर विजेच्या तारा पाहिलेल्या माणसाला तार अखंड दिसली की काम चालू असतं. भावाने सांगायचा प्रयत्न केला की आत काच असते, केसापेक्षा बारीक, दुमडली की मोडते. कोणीतरी हसलं. काचेची वायर कोणी टाकते काय, म्हणाला. ती दोरी सोडायला भाऊ शिडीवर चढला, तेव्हा खाली दोघा जणांनी शिडी धरली, पडशील गा सांभाळ, असंही म्हणाले.

केबलवाल्याला फोन लावला. मोडलेली काच जोडायचं मशीन त्याच्याकडे नाही, ते आणि ते चालवणारा माणूस नागपुरातून येतो. आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई, इडापीडा घेऊन जा गे मारबत म्हणत मोठाले पुतळे मिरवत नेऊन जाळायचे. अर्धं शहर रस्त्यावर, रस्ते बंद, आणि तो मशीनवाला माणूस स्वतःच मिरवणुकीत. उद्या मारबत आहे, परवा पाहू, केबलवाला म्हणाला. आमच्या वैतागाला तर तिथे न्यायला कोणी नव्हतं. भावाने मोबाईल टाकीवर ठेवून त्यावरून कॉम्प्युटर चालवून पाहिले. तिघी पोरींना मौद्याला एका मित्राच्या दुकानात नेऊन बसवलं. आवाज तुटत होता. पेशंट चिडून फोन ठेवत होते. मशीनवाला आला तोवर पुण्याहून फोन येऊन गेला होता.

ती एक बाई होती, मराठीच बोलत होती, गोड आवाजात. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, म्हणाली, पण पेशंटचा फोन मध्येच पडणं आम्हाला चालणार नाही. भावाने फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे मीही ऐकलं. तिला दोन शब्द सुनावायचं माझ्या मनात होतं. काय चूक होतं तिचं? माझा बाप आजारी असता आणि मध्येच फोन पडला असता, तर मीही हेच म्हटलं असतं. हेच जास्त झोंबतं.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, मुद्दाम केलं असेल का हो? वस्तीचं काम पुढे जातंय हे सहन झालं नसेल. नाही हो नाही. मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते, पोलिसात गेले असते, आयुष्यभर पुरेल एवढा राग मला मिळाला असता. मुद्दाम करायला आधी आम्ही त्यांच्या डोक्यात असायला पाहिजे. आम्ही त्यांच्या डोक्यात नव्हतोच. तोरण बांधताना ही वायर पुढे कुठे जाते असं वर पाहून एकाने जरी विचारलं असतं तरी भागलं असतं. शिडीवर चढलेल्याच्या घरात तीच वायर होती. सण झाल्यावर सामना लागेना तेव्हा तोही केबलवाल्याला फोन करून शिव्या देत होता.

मी भावाला थांब म्हटलं. दुसरी कंपनी शोधू, म्हटलं. शिकवण्या घे, दुकान टाक, काही कर, पण थांब. तो कॉम्प्युटरवर जुन्या चादरी टाकत होता. म्हणाला, "ताई, मले लाईन सांभाळता येते, वायर सांभाळता येते. लोकाइले सांभाळता नाही येत."

मग त्याने पुण्यातल्या जुन्या साहेबाला फोन केला. जागा होती. मायला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही, पण निघाला त्या दिवशी ती त्याला सोडायला हायवेपर्यंत गेली नाही. दारातच उभी राहिली. पाय दुखून राहिला म्हणे.

हॉल बंद झाला. ती सून एकदा घरी आली, मी गावी गेले होते तेव्हा. मला वाटलं कामाचं विचारायला आली. तिने विचारलं, "ताई, त्या बाबाजीचा नंबर लागला असन का वं? मी कागदं आना म्हनून राहिली होती अन् फोनच गेला." मी म्हटलं, लागला असेल. ती हव म्हणाली आणि चपला घालून निघाली. आता ती घरीच असते. सासू बोलत नाही तिला काही, बोलायची गरजच राहिली नाही.

वायर मात्र आता झकास आहे. केबलवाल्याने ती चौकात चांगली उंच नेली, पक्क्या क्लिपा मारल्या. कमिटीनेही ठराव केला की पुढच्या वर्षीपासून तोरण दुसरीकडे बांधायचं. काकांनी हे मला रस्त्यात थांबवून सांगितलं, चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. बाई, आमाले माहीत असतं तं कायले केलं असतं, म्हणाले. मी बरं म्हटलं. गावात घरोघर सामने चालतात. पोरं पिक्चर पाहतात. आमच्या घरीही भावाने कनेक्शन ठेवलं, मायसाठी. मोठ्या पडद्याचा मोबाईल भिंतीला टेकवून दिला, कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं. दर संध्याकाळी तो दिसतो. चित्र इतकं स्वच्छ की गालावरचा मुरुमाचा डागही दिसतो.

दसऱ्याला मी गावी होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे आमच्या घरचं, आम्ही दोघी सकाळीच जाऊन आलो होतो. पहिल्या वेळी पुण्यात होता तेव्हाही भाऊ कसाही करून यायचा. दसऱ्यालाच नाही, एरवीही दर महिन्या दोन महिन्यांनी यायचा, कारण घरात फोन लागायचाच नाही. मायचं काही कळायचं नाही, मग त्याचा जीव राहायचा नाही, आणि मिळेल त्या गाडीने उभा राहून यायचा. या वर्षी सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी पडद्यावर आला, नवा शर्ट घातलेला. मायला म्हणाला, जय भीम माय, मोबाईल जरा वर धर, घर दाखव, सगळं दिसते मले इथून. मायने मोबाईल वर धरला. आंगण दाखवलं, चूल दाखवली, मला दाखवलं. तो हसला, पाच मिनिटं बोलला, कोणी बोलावलं म्हणून गेला.

मायने मोबाईल पालथा ठेवला. मग मला म्हणाली, "त्या केबलवाल्याले सांगजो वं बाई, आमची वायर काढून ने म्हना. वायर नव्हती तं पोरगं घरी येत होतं."

मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी भांडी घासायला घेतली.